आठ मीटरवरचा डोळा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ क्रमांकाचा नियम वाचताना मला नेहमी एक माणूस दिसतो. तो गाडीच्या पुढच्या दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला उभा आहे आणि त्याचा डोळा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आहे. नियमाचं म्हणणं एवढंच, की पुढचा दिवा असा घडवलेला, बसवलेला आणि राखलेला असावा की त्याचा झोत कायम खाली वळलेला राहील किंवा चालकाला खाली वळवता येईल आणि या डोळ्याला दिपवणार नाही. सरकारी नियमांत इतका नेमका, टेपनं मोजून उभा केलेला माणूस क्वचितच भेटतो. तो पादचारी असेल, समोरून येणारा दुचाकीस्वार असेल, रस्ता ओलांडायला थांबलेली एखादी बाई असेल. गाडीच्या दिव्यांत हौसेनं फेरफार करायला निघालेल्यांना तो बहुधा माहीतच नसतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांपुढे थोडा वेळ उभं राहिलं, की ही हौस जवळून बघायला मिळते. सीटकव्हर घेणारा माणूस कुटुंबासह येतो, कापड चुरगाळून बघतो, भाव पाडतो. दिवे घेणारा एकटा येतो, फार तर एखाद्या मित्राला घेऊन. मोबाइलवरचा व्हिडिओ दुकानदारापुढे धरतो आणि 'सेम असंच पाहिजे' म्हणतो. एलईडी बल्ब, प्रोजेक्टर, डीआरएल, सरकत जाणारे इंडिकेटर, डॅशबोर्डच्या फटीतून झिरपणारा निळा-जांभळा 'ॲम्बियंट'. एकेकाळी गाडी आपली वाटावी म्हणून मागच्या काचेवर देवाचं नाव लिहून घेत. आता ते काम दिव्यांकडे आलं आहे.

या हौसेला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून, आकृती काढून, वायर सोलून काही तरी चालू करून दाखवण्यात जे सुख आहे ते तयार गाडी विकत घेण्यात नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दिव्यांचा हा सगळा बाजार 'किती उजेड' या एकाच प्रश्नावर चालतो. उजेड कुठे पडतो, हे काउंटरच्या अलीकडचा विचारत नाही आणि पलीकडचा सांगत नाही.

डब्यावरच्या आकड्यापासूनच सुरुवात करू. 'वीस हजार ल्यूमेन' असं ठळक छापलेले डबे सर्रास दिसतात. आपल्याकडच्या असंख्य छोट्या गाड्यांत एच४ नावाचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. त्याचा लो बीम, म्हणजे आपल्या भाषेत डिपर, साधारण १,००० ल्यूमेनचा आणि हाय बीम, म्हणजे अप्पर, १,६५० ल्यूमेनचा. त्यापुढे वीस हजार! पण त्याच डब्याच्या कडेला बारीक अक्षरात वॅटही छापलेले असतात, बहुतेक वेळा ४०. एवढ्याशा जागेत, एवढ्या उष्णतेत चांगल्यातली चांगली एलईडी एका वॅटमागे दीडशेच्या आसपास ल्यूमेन देऊ शकेल. म्हणजे फार उदार होऊन धरलं तरी सहा हजार. उरलेले चौदा हजार ल्यूमेन डब्यावरच राहतात.

आकडा खरा असता तरी प्रश्न सुटला नसता. युरोपात गाड्यांसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब, एच१, १९६२ साली आला. एका काचेत दोन फिलामेंट बसवणारा एच४ आला १९७१ मध्ये. हा एच४ हातात घेऊन उजेडाकडे धरून बघावा. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी दिसते. फिलामेंटचा खालच्या बाजूला जाणारा प्रकाश ती वाटी अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचा भागच उजळतो आणि तिथून परतलेला प्रकाश रस्त्याकडे खाली वळतो. अप्परच्या फिलामेंटला वाटी नाही, तो रिफ्लेक्टर पूर्ण वापरतो. साध्या डिपरच्या झोताला वरून जी सरळ कड असते, तिचं श्रेय या पत्र्याच्या वाटीला आणि त्या काही मिलिमीटर लांबीच्या तारेच्या जागेला आहे. रिफ्लेक्टरची प्रत्येक वक्रता त्या तारेची जागा गृहीत धरून काढलेली असते. तार एखादा मिलिमीटर पुढे-मागे झाली तरी झोत बिघडतो.

आता त्याच जागी एलईडी बल्ब बसवा. तिथे तार नाही, एका पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चपट्या चिप आहेत. त्या दोन बाजूंना भरपूर प्रकाश फेकतात आणि पट्टीच्या कडांकडे जवळजवळ काहीच नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावल्यावर जे होतं तेच रिफ्लेक्टरचं होतं. प्रकाश असतो, आकार नसतो. काही बल्ब चांगले निघतात, कारण त्यांच्या चिप तारेच्या जागेच्या पुष्कळ जवळ बसवलेल्या असतात. बरेचसे निघत नाहीत. आणि गंमत अशी, की चालकाला स्वतःला हे कळत नाही, उलट तो खूश होतो. बंपरपुढचे दहा-पंधरा मीटर दुधासारखे पांढरे झालेले असतात. डोळ्यांच्या बाहुल्या त्या जवळच्या उजेडाला बघून आकसतात आणि साठ मीटरवरची गाय आधीपेक्षा उशिरा दिसते. गाडीत बसलेला माणूस उजेड जवळ मोजतो, धोका मात्र लांब असतो.

असे बदली एलईडी बल्ब कायदेशीर करता येतात, याचं एक उदाहरण जर्मनीत आहे. तिथे २०२० साली ऑसराम कंपनीच्या एका बल्बला रस्त्यावर वापरायची अधिकृत मान्यता मिळाली. पण ती सरसकट नव्हती. कोणत्या गाडीच्या कोणत्या हेडलाइटमध्ये हा बल्ब चालेल याची यादी ठरली आणि यादीबाहेरच्या गाडीत तोच बल्ब बेकायदा राहिला. म्हणजे मान्यता जोडीला मिळाली, एकट्या बल्बला नाही. आपल्या पेठांतल्या डब्यांवर लिहिलेलं असतं, 'सर्व गाड्यांसाठी'.

पांढऱ्या रंगाची जी भुरळ आहे तिचाही थोडा हिशोब मांडावा लागेल. एलईडीचा पांढरा प्रकाश मुळात पांढरा नसतोच. आत निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. ही निळी चिप ज्यांनी साकारली त्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते योग्यच होतं. पण ६,००० केल्विनच्या प्रकाशातला निळा भाग समोरच्याच्या डोळ्यांना जास्त टोचतो, आणि साठी ओलांडलेल्या डोळ्यांना दिपल्यानंतर सावरायलाही जास्त वेळ लागतो. हॅलोजन ३,२०० केल्विनच्या आसपास, पिवळसर. फ्रान्सनं तर १९३६ पासून गाड्यांना पिवळे दिवेच सक्तीचे केले होते, ते १९९३ पर्यंत टिकले. पिवळा प्रकाश धुकं 'फाडतो' ही आपल्याकडे ठाम समजूत आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की ते पिवळ्याला आणि पांढऱ्याला जवळपास सारखंच विखुरतात. आंबोली किंवा ताम्हिणीच्या पावसाळी ढगात फॉगलॅम्प उपयोगी पडतो तो मुख्यतः खाली बसवलेला असल्यामुळे आणि त्याचा झोत रुंद, वरून कापलेला असल्यामुळे. पिवळ्या रंगाचा फायदा झाला तर एवढाच, की टोचणारा निळा त्यात कमी असतो.

●

मग उजेड कमी वाटतो त्यानं काय करावं? याचं उत्तर मला माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये मिळालं, आणि ते बल्बच्या दुकानात नव्हतं. ते वायरीत होतं.

जुन्या रचनेच्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा प्रवाह बॅटरीतून निघून फ्यूजबॉक्समधून स्टिअरिंगखालच्या स्विचपर्यंत येतो, तिथून अप्पर-डिपरच्या कांडीतून जातो आणि परत पुढे बल्बपर्यंत पोचतो. बारीक वायर, लांब वाट, मध्ये अनेक कपलर, आणि स्विचमधले वर्षानुवर्षं झिजलेले, काळे पडलेले संपर्क. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा व्होल्टेज खर्च होतो. मल्टीमीटर घेऊन मी इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजलं, १३.९ व्होल्ट. मग डिपर लावून बल्बच्या होल्डरवर, मागून सळई घालून मोजलं, १२.१. वाटेत १.८ व्होल्ट गेले होते.

१.८ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने घटतो. हिशोब केला तर १३.९ व्होल्टला जो प्रकाश मिळाला असता त्याचा जेमतेम ६२ टक्के माझ्या रस्त्यावर पडत होता. बाकीचा उजेड वायरी तापवण्यात चालला होता आणि मी दुकानात जाऊन जास्त वॅटचे बल्ब मागणार होतो!

ते बल्बही मिळतात, १००/९० वॅटचे. त्यांची गोष्ट इथेच सांगून टाकतो. दोन्ही बाजूंचे अप्पर धरले तर ६० वॅटच्या जोडीला १० अँपिअर लागतात, १०० वॅटच्या जोडीला जवळपास १७. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत पावणेतीनपट. आधी प्लॅस्टिकचा होल्डर पिवळा पडतो, मग मऊ होतो, मग जळका वास येतो. तेव्हा कोणी तरी सिरॅमिकचा होल्डर सुचवतो. होल्डर वितळणं थांबतं, पण मागची वायर तीच राहते. शिवाय हा बल्ब मान्य मर्यादेबाहेरचा, तो वेगळा भाग.

खरा इलाज म्हणजे रिले. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: रिले म्हणजे लहान प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारी काळी चौकोनी डबी. तिच्या पायांवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे कोरलेले असतात. हे आकडे जर्मन प्रमाणानुसार ठरलेले आहेत आणि तुम्ही पुण्यात घेतलेल्या डबीवरही तेच असतात. ३० वर बॅटरीतून फ्यूजमार्गे येणारी जाड वायर. ८७ वरून बल्बकडे. ८५ आणि ८६ या कॉइलच्या दोन टोकांना गाडीची जुनी हेडलाइटची वायर आणि अर्थ. आता स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फक्त कॉइलचा प्रवाह जातो, तो एक अँपिअरचा सहावा-सातवा हिस्सा. बल्बला मात्र बॅटरीतून थेट, जेमतेम हातभर लांबीच्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्यातून पुरवठा मिळतो. डिपरला एक रिले, अप्परला एक.

तयार हार्नेस, म्हणजे रिलेसकट वायरींचा जुडगा, बाजारात मिळते. मी ते घेतलं नाही, कारण हातात घेतल्यावर वायर बाहेरून जाड आणि आतून बारीक लागली. रबरी आवरण फुगवून तांबं वाचवण्याची ही युक्ती जुनी आहे. वायर, तिच्या टोकाला लावायच्या थिंबल, रिले, फ्यूजहोल्डर असं सगळं सुटं घेतलं. मुंबईकर असतो तर लॅमिंग्टन रोडवर गेलो असतो, पुण्यात तापकीर गल्लीवर भागलं.

बांधणीतले बारकावे सगळ्यांना सारखे महत्त्वाचे वाटत नाहीत, म्हणून मला जे वाटतात तेवढेच सांगतो. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून शक्य तितक्या जवळ हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणीच राखणदार नसतो. तिथे आवरण घासलं जाऊन तांबं पत्र्याला टेकलं तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि गाडी पेटते. अर्थची वायर पत्र्याला लावताना खालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, वर ग्रीस लावून घट्ट करायची. हेडलाइट मंद असण्याच्या तक्रारींत अर्धा दोष पॉझिटिव्हचा नसून अर्थचा असतो, हे मला एका वयस्क ऑटो-इलेक्ट्रिशियननं सांगितलं आणि मीटरनं ते खरं ठरवलं. थिंबल पक्कडीनं चेचायची नाही, क्रिम्पिंगच्या हत्यारानं दाबायची. इन्सुलेशन टेपवर भिस्त ठेवायची नाही. पुण्याच्या एका उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून वायरीवर चिकट काळा थर होतो. हीट श्रिंक स्लीव्ह घालावी आणि इंजिनाजवळून जाताना वरून पन्हळी नळी.

आणखी एक. काही गाड्यांत, विशेषतः जपानी वळणाच्या वायरिंगमध्ये, स्विच पॉझिटिव्हच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो. म्हणजे बल्बला पॉझिटिव्ह आधीच पोचलेला असतो आणि स्विच त्याला अर्थ देतो. आकृती न बघता जोडलं तर रिले कायम टकटकत राहतात किंवा मुळीच हालत नाहीत. टेस्ट लॅम्प घेऊन आधी कपलरचे तीन पाय तपासावेत. आत डायोड नसलेल्या साध्या रिलेच्या कॉइलला प्लस-मायनसचं सोयरसुतक नसतं, त्यामुळे कळल्यावर काम सोपं असतं.

जोडणी झाल्यावर होल्डरवर १३.६ व्होल्ट आले. आधीच्या १२.१ शी तुलना केली तर प्रकाश जवळजवळ दीडपट. तेच बल्ब, तोच रिफ्लेक्टर, तीच वरून कापलेली कड. किंमत मोजावी लागते ती बल्बच्या आयुष्यात. उपाशी ठेवलेला बल्ब वर्षानुवर्षं जगतो, पोटभर जेवणारा लवकर जातो, कारण आयुष्य व्होल्टेजच्या तेराव्या घाताच्या आसपास घटतं. मला हा सौदा मान्य आहे.

नव्या गाड्यांत मात्र यातलं काही करू नये. तिथे हेडलाइट एका नियंत्रक संगणकाच्या ताब्यात असतात. तो प्रवाहाचे तुकडे करून बल्बला देतो, मधून मधून बारीक स्पंद पाठवून बल्ब शाबूत आहे का ते तपासतो. रिले त्या तुकड्यांवर घरघरतो, एलईडी त्या स्पंदांवर लुकलुकते. इंडिकेटरचं तसंच. २१ वॅटच्या बल्बऐवजी दोन वॅटची एलईडी लावली की गाडीला वाटतं बल्ब गेला, आणि इंडिकेटर धावत सुटतो. त्यावर बाजारात ६ ओहमचा रेझिस्टर मिळतो. तो गाडीला फसवण्यासाठी तीस वॅटच्या आसपास उष्णता निर्माण करतो. म्हणजे वीज वाचवणारी एलईडी लावायची आणि वाचलेली वीज दिव्याच्या मागे शेगडीत जाळायची. हा रेझिस्टर टेपनं प्लॅस्टिकला चिकटवलेला मी पाहिला आहे. त्याभोवतीचं प्लॅस्टिक काय म्हणत होतं ते सांगायला नको.

●

आतल्या सजावटीच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीत तीन-तीन एलईडी एका रेझिस्टरबरोबर ओळीत जोडलेल्या असतात, म्हणून ती तीनच्या पटीत कापता येते. तीन एलईडी मिळून साधारण ९.६ व्होल्ट खातात, उरलेले २.४ रेझिस्टरवर पडतात. पण चालू इंजिनच्या गाडीत १२ नसतात, १४.४ पर्यंत असतात. एलईडी आपला वाटा फारसा वाढवत नाही, त्यामुळे रेझिस्टरवर ४.८ येतात आणि प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो. घरात पाच वर्षं चालणारी पट्टी गाडीत एका उन्हाळ्यात मधूनच विझायला लागते याचं हे कारण. व्होल्टेज बांधून ठेवणारं छोटं मॉड्यूल मध्ये घातलं की हा त्रास संपतो. दुसरं, कायम चालू असलेल्या वायरीवर पट्टीचा कंट्रोलर जोडला तर तो झोपेतही पन्नास मिलिअँपिअर घेऊ शकतो. दिवसाला १.२ अँपिअर-तास. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात आडवी होते, आणि दोष बॅटरीवाल्याच्या माथी जातो. तिसरं, या पट्ट्यांचा उजेड रात्री विंडस्क्रीनच्या काचेत दिसता कामा नये. दिसला तर कितीही सुंदर असो, काढून टाकावा.

सजावटीवरून आठवलं. महाराष्ट्रात 'लाल दिव्याची गाडी' या तीन शब्दांनी किती जणांची झोप उडवली असेल! मंत्रिपदाला, महामंडळाच्या अध्यक्षपदाला आपण वर्षानुवर्षं दिव्यानंच ओळखत आलो. १ मे २०१७ पासून केंद्रानं ते दिवे उतरवले. तरी ग्रिलच्या जाळीमागे लुकलुकणारे लाल-निळे दिवे बसवून घेणारे आजही आहेत, आणि २०२४ साली पुण्यात एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या खासगी गाडीवरचा दिवा राज्यभर गाजला. बाकी फेरफारांना निदान 'मला दिसत नव्हतं' असं निमित्त तरी असतं.

कायदा या सगळ्याकडे कसा बघतो? मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं, की उत्पादकानं मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ बदललं आणि बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. रस्त्यावर हे किती वेळा लागू होतं ते आपण सगळे जाणतो. हेडलाइट उघडून, गरम करून काच सोडवून, आत परका प्रोजेक्टर बसवणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यांतल्या काहींचं काम इतकं नेटकं असतं की झोताची कड कारखान्यापेक्षा सरळ येते. कायद्याच्या लेखी हा आणि डोळे फोडणारा बाजारू एलईडी बल्ब यांत फरक नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण तपासण्याची सोय नसताना हवालदारानं रस्त्यावर उभं राहून कड सरळ आहे की नाही हे ठरवावं, अशी अपेक्षाही धरता येत नाही.

म्हणून मी हौशी माणसाला आधी दोन कमी खर्चाची, कायद्याच्या आतली कामं सांगतो. पहिलं, काच. आताच्या हेडलाइटची काच काच नसून पॉलिकार्बोनेट असते. उन्हानं तिच्यावरचा संरक्षक थर जातो आणि ती पिवळी, दुधी होते. टूथपेस्टनं घासून ती चार आठवडे चमकते. नीट करायचं तर पाणी मारत ८०० पासून ३,००० पर्यंत चढत्या क्रमानं वॉटरपेपर फिरवायचा, मग पॉलिश, आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअरकोट. हा शेवटचा हात वगळला तर वर्षभरात पहिले पाढे पंचावन्न.

दुसरं, नेम. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतं. सपाट जागा, टायरमध्ये पुरी हवा, चालकाच्या जागी एक माणूस, डॅशबोर्डवरची झोत वर-खाली करायची चकती शून्यावर. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करायची. हेडलाइटच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर चिकटपट्टी लावायची. डिपरची वरची कड त्या पट्टीच्या दहा सेंटिमीटर खाली यायला हवी, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर, एक टक्का उतार. ६५ सेंटिमीटर उंचीवरचा दिवा मग ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. हेडलाइटच्या मागे स्क्रू असतात, ते फिरवून कड खाली-वर होते. हाच झोत फक्त एक अंश वर गेला तर शंभर मीटरवर तो खाली येण्याऐवजी सुमारे १.४ मीटर उंचीवर असतो, म्हणजे समोरच्या चालकाच्या थेट डोळ्यांत. मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत दिवाळीचं सामान भरलं की गाडीचं नाक आपोआप तेवढं उचललं जातं. ती चकती त्यासाठी दिलेली आहे. तिचा उपयोग ठाऊक असलेले चालक मला फार थोडे भेटले.

मी पट्टी लावत होतो तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका त्यांची एसयूव्ही घेऊन आले. बल्ब नवे, एलईडी, डब्यावर बहुधा वीस हजारवाले. भिंतीवर कड शोधली, नव्हतीच. पट्टीच्या वर हातभर पांढरा डाग, खाली दोन काळे पट्टे. स्क्रूनं डाग खाली आणता येतो, पण कड आणता येत नाही. काकांनी बराच वेळ भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, मग समोरचे सगळे मला अप्पर का मारतात त्याचं कारण हे होय? जुने हॅलोजन त्यांनी फेकून दिले होते. नवी जोडी काही शे रुपयांत आली.

●

जास्त उजेड हवासा का वाटतो, असं लांब पल्ल्याच्या चालकांना विचारलं तर पश्चिम महाराष्ट्रात एक उत्तर हमखास येतं. उसाची ट्रॉली. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, सोलापूरच्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या चालतात. ट्रॉलीला मागचा दिवा असलाच तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधली वायर तुटलेली असते, आणि नसली तुटली तरी उसाचं पाचट दिव्यावर लोंबत असतं. पुढून येणाऱ्याच्या दिव्यांनी दिपलेल्या क्षणी ही काळी भिंत समोर आली तर वीस हजार काय, चाळीस हजार ल्यूमेनही कामाला येत नाहीत.

इथे जो फेरफार कामाला येतो त्याला वायर लागत नाही. परावर्तक पट्टी, म्हणजे रेडियमची पट्टी. तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा प्रिझम असतात आणि प्रकाश जिकडून आला तिकडेच ते तो परत पाठवतात. तुमच्या हेडलाइटचा प्रकाश पट्टीवर पडतो आणि अरुंद झोतात तुमच्याच डोळ्यांकडे परततो. साध्या डिपरवरही शंभर मीटरच्या पुढून ती पेटल्यासारखी दिसते. कोणाला दिपवत नाही, बॅटरी खात नाही. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल असा नियम. हंगामाच्या तोंडावर कारखान्यांच्या आवारात ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना अशा पट्ट्या लावण्याच्या मोहिमा निघतात. काही जण कापडी परावर्तक पट्टा मोळीच्या मागे टांगतात. ते जास्त शहाणपणाचं, कारण ट्रॉलीच्या फळकुटावरची पट्टी उसाखाली झाकली जाते.

गेल्या हंगामात एका नातेवाइकांच्या ट्रॉल्यांना मी पट्ट्या लावून दिल्या. चिकटवणं हेच मोठं काम निघालं. पत्र्यावर वर्षाचा चिखल, मळी आणि ऑइल. नुसत्या फडक्यानं पुसून लावलेली पट्टी दुसऱ्या खेपेला निघून येते. तारेच्या ब्रशनं घासून, थिनरनं पुसून, ऊन तापल्यावर दाबून बसवली तेव्हा टिकली. कडा रिव्हेटनं मारल्या. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बाजूला बसून बघत होता. लाल पट्टीचा थोडा रोल उरला, तेव्हा तो म्हणाला, दादा, ही ट्रॅक्टरच्या बॉनेटवर मारू की, मस्त दिसेल. पुढे लाल चालत नाही, समोरच्याला वाटेल आपण पाठमोरे आहोत, असं सांगितल्यावर त्यानं पुढे पांढरी लावली आणि उरलेली लाल आपल्या मोटारसायकलच्या मागच्या मडगार्डवर, आधी थिनरनं पुसून.